बारा तासांच्या परीक्षेपासून: प्रगत इंग्रजीच्या सरावाचा मागोवा

केंब्रिजच्या ‘सी-टू प्रोफिशियन्सी’ परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याची सरावाची वही चाळली, तर तिच्यात ठरावीक गोष्टी सापडतात. एका उताऱ्यातले काही शब्द गाळलेले असतात, ते भरायचे. एक वाक्य दिलेले असते, ते दिलेला शब्द वापरून दुसऱ्या रचनेत लिहायचे. दोन छोटे उतारे वाचून त्यांचा गोषवारा घ्यायचा आणि त्यावर आपले मत मांडायचे. ध्वनिमुद्रण ऐकून चार पर्यायांतला एक निवडायचा. शेवटी समोरच्या उमेदवाराशी एखाद्या चित्रावर बोलायचे. हे सगळे घड्याळ लावून, पुन्हा पुन्हा.

ही परीक्षा १९१३ साली पहिल्यांदा झाली. वर सांगितलेल्या प्रकारांपैकी एकही तेव्हा त्या परीक्षेत नव्हता. त्या वर्षीचा उमेदवार दुसऱ्याच गोष्टींचा सराव करत होता आणि त्याला त्या तितक्याच अटळ वाटत असणार. म्हणून सरावाच्या या वहीचा वंशवेल शोधणे मला महत्त्वाचे वाटते. आपण जे रोज घोकतो ते कुणी, कधी आणि कशासाठी ठरवले, हे कळले की त्यातले काय भाषेचे आहे आणि काय त्या त्या काळाच्या परीक्षेचे आहे, हे वेगळे करता येते.

मूळ: मुलकी सेवा आणि मॅट्रिक

इंग्रजी येते की नाही हे लेखी परीक्षेने, गुण देऊन आणि क्रम लावून ठरवायचे, या पद्धतीला बळ मिळाले ते हिंदुस्थानच्या कारभारामुळे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकऱ्या पूर्वी संचालकांच्या ओळखीने मिळत. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १८५४ साली त्याऐवजी खुल्या स्पर्धा परीक्षेची शिफारस केली आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली परीक्षा झाली. एकूण ६८७५ गुणांपैकी इंग्रजी भाषा, साहित्य आणि इतिहास या विभागाला १५०० गुण होते. त्यांतले ५०० केवळ निबंधलेखनाचे. संस्कृत आणि अरबी या भाषांना प्रत्येकी ३७५. ज्या देशाचा कारभार करायचा त्या देशातल्या विद्येच्या भाषांपेक्षा इंग्रजी निबंधाचे वजन जास्त होते, हे या आकड्यांतच दिसते.

परीक्षा आली तशी तिची तयारी करून घेणारे वर्गही आले. लंडनमध्ये खास या परीक्षेसाठी मुलांकडून घोकून घेणाऱ्या शिकवण्यांचा धंदा उभा राहिला. मागच्या वर्षांचे पेपर जमवायचे, कोणते प्रश्न पुन्हा येतात ते पाहायचे, त्यांची उत्तरे तयार ठेवायची. आज पुण्यात किंवा दादरला कोणत्याही क्लासच्या पाटीखाली जे चालते, त्याची ही जुनी आवृत्ती. ही परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर. १८६३ साली त्यांची निवड झाली आणि त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. त्यांच्या नोकरीची काही वर्षे महाराष्ट्रात गेली, साताऱ्यालाही ते न्यायाधीश होते, आणि इथे राहून त्यांनी तुकारामांचे अभंग बंगालीत नेले. इंग्रजीच्या परीक्षेतून वर आलेल्या माणसाने दोन देशी भाषांमध्ये असे दळणवळण साधले, ही गोष्ट पुढे आपल्याला उपयोगी पडेल.

केंब्रिज विद्यापीठाने १८५८ साली स्थानिक परीक्षांचे मंडळ काढले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या आठ शहरांत पहिल्या परीक्षा झाल्या. शाळांतून काय शिकवले जाते याला काही एक समान माप असावे, हा हेतू होता. ही परीक्षा लवकरच समुद्रापार गेली. आपल्याकडे अँग्लो-इंडियन शाळांमध्ये ‘सीनियर केंब्रिज’ म्हणून ती ओळखली जाई, आणि आजचे आयसीएसईचे मंडळ १९५८ साली निघाले ते तिचीच जागा घ्यायला.

मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या परीक्षेसाठी मराठी मुलगा इंग्रजीचा जो सराव करी, त्याचा कणा होता भाषांतर. मराठी वाक्य इंग्रजीत, इंग्रजी वाक्य मराठीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पुढे कित्येक पिढ्या वाढल्या त्या याच पद्धतीने: आधी नियम, मग शब्दांची यादी, मग दोन्ही दिशांनी करायची वाक्ये.

१९१३: तीन उमेदवार

युरोपातही परकी भाषा शिकण्याची रूढ वाट भाषांतराचीच होती. म्हणून केंब्रिजने १९१३ साली ‘सर्टिफिकेट ऑफ प्रोफिशियन्सी इन इंग्लिश’ ही परीक्षा आखली, तेव्हा तिची सुरुवात भाषांतरानेच झाली. ही परीक्षा मुख्यतः आपापल्या देशांत इंग्रजी शिकवू पाहणाऱ्या परदेशी शिक्षकांसाठी होती.

तिची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतर, दोन तास. फ्रेंच किंवा जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर आणि व्याकरणाचे प्रश्न, अडीच तास. इंग्रजी निबंध, दोन तास. इंग्रजी साहित्य, तीन तास. ध्वनिशास्त्र, दीड तास. त्यानंतर तोंडी भाग: अर्धा तास श्रुतलेखन, अर्धा तास वाचन आणि संभाषण. एकूण बारा तास. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले.

निबंधाला सहा विषय होते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी साहित्यावर राजकीय चळवळींचा परिणाम, प्री-राफेलाइट चित्रकारांचा पंथ, एलिझाबेथच्या काळातले प्रवास आणि शोध, स्थानिक स्वराज्याची वाढ, मॅथ्यू अर्नोल्ड, आणि सहावा, ‘इंडियन म्यूटिनी’. म्हणजे पॅरिसच्या किंवा बर्लिनच्या शिक्षकाला इंग्रजी येते की नाही हे तपासण्यासाठी आपल्या १८५७ वर निबंध मागितला होता. त्याच वर्षी, १८५७ च्या त्याच घटनेवर मराठीत ग्रंथ लिहिणारे सावरकर अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये होते आणि १९०९ साली छापलेल्या त्या ग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीवर बंदी होती. ही परीक्षा भाषेची होती, पण तिच्या सरावासाठी इंग्रजांचा इतिहास, त्यांचे कवी, त्यांचे चित्रकार आणि साम्राज्याकडे पाहण्याची त्यांची नजरही आत्मसात करावी लागे. भाषा आणि त्या भाषेतल्या लोकांची संस्कृती यांच्यात परीक्षकांनी फरकच केला नव्हता. १९१३ च्या परीक्षेतली सगळ्यात मोठी अडचण मला हीच वाटते. चांगले इंग्रजी लिहिणारा, पण प्री-राफेलाइटांविषयी काही न वाचलेला उमेदवार तिथे आपोआप मागे पडत होता.

दीड तासाचा ध्वनिशास्त्राचा पेपर आज विचित्र वाटेल, पण तो त्या काळाच्या सर्वांत ताज्या विचाराचा भाग होता. १८८२ साली विल्हेल्म फिएटोर या जर्मन अध्यापकाने भाषाशिक्षण मुळापासून बदलण्याची हाक दिली होती. १८८६ साली पॅरिसमध्ये पॉल पासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या संघटनेतून पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी घडली. इंग्लंडमध्ये हेन्री स्वीटने भाषा शिकण्याच्या व्यवहारावर १८९९ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॅनियल जोन्स ध्वनिशास्त्र शिकवत होता. उच्चार हे शास्त्र आहे, ते शिकवता येते, असा विश्वास त्या पिढीला होता. शॉचे ‘पिग्मॅलियन’ व्हिएन्नाच्या रंगमंचावर पहिल्यांदा आले तेही १९१३ सालीच. त्यातल्या ध्वनिशास्त्रज्ञाच्या मागे स्वीटची छाया होती. मराठी प्रेक्षकाला ही गोष्ट ‘ती फुलराणी’मुळे घरची आहे. परीक्षेत उताऱ्याचे ध्वनिलिपीत लेखन करावे लागे, पारिभाषिक संज्ञा सोदाहरण सांगाव्या लागत आणि एखाद्या स्वराचा उच्चार विद्यार्थ्याला कसा शिकवाल, हेही लिहावे लागे. शिक्षकाची परीक्षा होती, त्यामुळे तो प्रश्न योग्यच होता.

जॅक रोच आणि परीक्षेचा दुसरा जन्म

पुढची पंधरा-सोळा वर्षे ही परीक्षा जेमतेम तग धरून होती. १९३० च्या आसपास उमेदवारांची संख्या पंधराच्या घरात होती आणि परीक्षा बंद करण्याचा विचार झाला. जॅक रोच १९२५ पासून परीक्षा मंडळाचे साहाय्यक सचिव होते. पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या या माणसाने परीक्षा बंद करण्याऐवजी तिची मांडणी बदलली. १९३२ साली ध्वनिशास्त्राचा पेपर काढला. निबंधाचे विषय साधे आणि सर्वांना लिहिता येतील असे केले. परीक्षेचे दार केवळ शिक्षकांपुरते न ठेवता इतरांना उघडले आणि युरोपातल्या शहरांत फिरून केंद्रे उभारली. १९३७ साली केंब्रिज विद्यापीठाने प्रवेशासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या पातळीइतकी ही परीक्षा धरली आणि पुढच्या वर्षी ऑक्सफर्डनेही. आता या प्रमाणपत्राने एक दार उघडत होते आणि सरावाला व्यावहारिक कारण मिळाले होते.

रोच यांचे दुसरे काम कमी चर्चेत आले, पण ते अधिक खोल आहे. तोंडी परीक्षेत दोन परीक्षक एकाच उमेदवाराला वेगवेगळे गुण का देतात, हा प्रश्न त्यांना सतत पडे. वेगवेगळ्या देशांतल्या परीक्षकांचे माप एकसारखे कसे राहील, याचे प्रयोग त्यांनी केले आणि १९४५ साली तोंडी परीक्षांच्या अडचणींवर सविस्तर अहवाल लिहिला. आज तोंडी परीक्षेच्या खोलीत दोन परीक्षक असतात. एक बोलतो, दुसरा गप्प राहून गुण देतो. त्यामागे ही जुनी काळजी आहे.

१९३९ साली खालच्या पातळीसाठी ‘लोअर सर्टिफिकेट’ निघाले. तेच १९७५ पासून ‘फर्स्ट सर्टिफिकेट’ झाले. १९४१ साली ब्रिटिश कौन्सिलशी करार झाला. युद्धामुळे ब्रिटनमध्ये आलेले परदेशी सैनिक, निर्वासित आणि युद्धकैदी या परीक्षांना बसले. त्यांना इंग्रजी कवींवर बोलायचे नव्हते. परक्या देशात काम मिळवायचे होते, अर्ज लिहायचा होता, हुकूम समजून घ्यायचा होता. शिक्षकाच्या परीक्षेकडून भाषा वापरणाऱ्याच्या परीक्षेकडे हा प्रवास तिथून सुरू झाला.

गाळलेल्या जागा कुठून आल्या

१९५३ साली प्रोफिशियन्सीच्या पेपरांत ‘यूज ऑफ इंग्लिश’ नावाचा नवा पर्यायी पेपर आला. ज्याला भाषांतराचा पेपर द्यायचा नसेल तो हा देऊ शकत होता. यामागचे कारण सरळ होते. उमेदवार जगभरातून येऊ लागले, तर प्रत्येकाच्या मातृभाषेतून आणि मातृभाषेत भाषांतर तपासायला माणसे कुठून आणणार? शिवाय उमेदवाराची मातृभाषा कोणतीही असो, सर्वांना एकच प्रश्न विचारता यावेत, अशी मागणी वाढत होती. भाषांतर परीक्षेतून मागे सरकू लागले ते निरुपयोगी ठरले म्हणून नाही, तर ते सर्वांसाठी एकसारखे तपासणे अवघड होते म्हणून.

योगायोग असा, की त्याच १९५३ साली अमेरिकेत विल्सन टेलर या संशोधकाने उताऱ्यातले शब्द ठरावीक अंतराने गाळून वाचकाला ते भरायला लावण्याची पद्धत मांडली. त्याचा हेतू भाषा तपासण्याचा नव्हता. वर्तमानपत्रातला मजकूर वाचायला किती सोपा आहे, हे त्याला मोजायचे होते. परकी भाषा तपासणाऱ्यांनी ती पद्धत उचलली. केंब्रिजच्या पेपरांत ती सत्तरच्या दशकात रुजली, मात्र तिथे कोणता शब्द गाळायचा ते परीक्षक जाणीवपूर्वक ठरवतो.

एक नमुना पाहू. ‘इट वॉज नॉट ___ द रेन स्टॉप्ट दॅट वी नोटिस्ड द सायलेन्स.’ गाळलेली जागा ‘अन्टिल’ची आहे. ‘व्हेन’ लिहावेसे वाटते आणि शब्दशः अर्थ लावला तर ते चुकत नाहीसेही वाटते. पण सुरुवातीचे ‘इट वॉज नॉट’ आणि पुढचे ‘दॅट’ यांची जोडी ज्याच्या कानात बसली आहे, त्याला ‘अन्टिल’शिवाय दुसरे काही सुचत नाही. गाळलेला शब्द बहुधा असाच लहान असतो. तो शब्दकोशातून पाठ करून येत नाही, भरपूर वाचून येतो. या प्रश्नाचे सामर्थ्य त्यातच आहे.

वाक्यरूपांतराचा प्रश्न मराठी विद्यार्थ्याला अधिक ओळखीचा आहे. दहावीच्या इंग्रजीत ‘टू’ काढा, ‘नो सूनर... दॅन’ वापरा, अशी कामे आपण सर्वांनी केली आहेत. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात अशा स्वाध्यायांची पानेच्या पाने आहेत. केंब्रिजच्या वरच्या पातळीवर हाच प्रकार कसा बदलतो ते पाहण्यासारखे आहे. समजा वाक्य दिले: ‘नोबडी हॅड एक्स्पेक्टेड हर टू रिझाइन.’ दिलेला शब्द ‘सरप्राइज’. नव्या वाक्याची सुरुवात ‘हर’ अशी छापलेली, आणि जास्तीत जास्त आठ शब्दांत वाक्य पुरे करायचे. उत्तर: ‘हर रेझिग्नेशन टुक एव्हरीवन बाय सरप्राइज.’ इथे एकाच ओळीत तीन गोष्टी जमाव्या लागतात. ‘रिझाइन’ या क्रियापदाचे नाम करायचे. ‘सरप्राइज’च्या मागे ‘टुक’ आणि ‘बाय’ येतात हे माहीत हवे. ‘नोबडी’चा नकार ‘एव्हरीवन’मध्ये उलटायचा. दहावीचा स्वाध्याय नियम लावायला सांगतो. हा प्रश्न इंग्रजीत शब्द एकमेकांशी कसे जोडून येतात, हे विचारतो. नियम दोन दिवसांत पाठ होतो. शब्दांच्या जोड्या मुरायला वाचनाची वर्षे लागतात.

१९७५ साली प्रोफिशियन्सीचा पेपर पाच भागांत नव्याने बांधला गेला: निबंधलेखन, वाचन, यूज ऑफ इंग्लिश, श्रवण आणि मुलाखत. श्रवणाचे उतारे सुरुवातीला परीक्षकच वाचून दाखवत. कॅसेट पुढे आली. साहित्य आणि भाषांतर आता मध्यभागी राहिले नाहीत. आजच्या सरावाच्या वहीचा आराखडा तिथे तयार झाला.

बोलणे, करणे आणि मोजणे

सत्तरच्या दशकात भाषाशिक्षणाचा विचारही बदलत होता. अमेरिकेत भाषाअभ्यासक डेल हाइम्सने दाखवून दिले, की वाक्य व्याकरणशुद्ध असणे पुरेसे नाही. कुणाशी, कुठे, काय आणि कसे बोलावे हे कळणे म्हणजे भाषा येणे. १९७५ साली युरोप परिषदेसाठी यान फान एकने ‘थ्रेशोल्ड लेव्हल’ तयार केला. परक्या देशात निभावून नेण्यासाठी भाषेतून कोणती कामे करता यायला हवीत, याची ती सविस्तर यादी होती. आपल्याकडे एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरच्या प्रकल्पात शाळकरी मुलांना व्याकरणाऐवजी कामे देऊन इंग्रजी शिकवून पाहिले: नकाशा वाचा, वेळापत्रकावरून गाडी शोधा, कोडे सोडवा. जगभर आज कार्याधारित भाषाशिक्षण म्हणून जे शिकवले जाते, त्याच्या मुळाशी दक्षिण भारतातल्या त्या वर्गखोल्या आहेत. हे आपल्या शिक्षकांनी अभिमानाने सांगायला हवे.

याच काळात इतर परीक्षाही उभ्या राहिल्या. अमेरिकी विद्यापीठांसाठी टोफेल १९६४ पासून सुरू झाली होती. आयेल्ट्स १९८९ साली आली. महाराष्ट्रातून परदेशी शिक्षणाला किंवा नोकरीला निघालेला विद्यार्थी बहुधा यांपैकीच एक परीक्षा देतो. १९९१ साली केंब्रिजने फर्स्ट सर्टिफिकेट आणि प्रोफिशियन्सी यांच्यामध्ये ‘अॅडव्हान्स्ड’ ही पायरी घातली. २००१ साली युरोप परिषदेने ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली आणि प्रोफिशियन्सीची जागा सर्वांत वरच्या पायरीवर ठरली.

प्रोफिशियन्सी २००२ आणि २०१३ साली पुन्हा बदलली. २००२ मध्ये तीन वाक्यांत एकच शब्द बसवण्याचा प्रश्न आला आणि २०१३ मध्ये तो गेला. अकरा वर्षे हजारो विद्यार्थ्यांनी त्याचा सराव केला आणि नंतर कुणालाच त्याची गरज उरली नाही. शताब्दीच्या वर्षी परीक्षा सुमारे चार तासांवर आली. वाचन आणि यूज ऑफ इंग्लिश मिळून ५३ प्रश्नांचा दीड तासाचा पेपर, लेखन दीड तास, श्रवण सुमारे ४० मिनिटे आणि दोन उमेदवारांची जोडीने १६ मिनिटांची तोंडी. बारा तासांपैकी आठ तास शंभर वर्षांत गळून गेले.

सराव परीक्षेचा की भाषेचा

परीक्षा जशी असते तसे शिकवणे आणि शिकणे वळते, हे सर्वांना जाणवते. भाषा-परीक्षांचे अभ्यासक चार्ल्स अॅल्डरसन आणि डायान वॉल यांनी १९९३ साली हे गृहीत धरण्याऐवजी तपासायला हवे, असे मांडले. श्रीलंकेत नव्याने आलेल्या इंग्रजी परीक्षेचा शाळांवर काय परिणाम झाला, ते त्यांनी वर्गांत बसून पाहिले. नव्या परीक्षेमुळे वर्गात काय शिकवले जाते ते बदलले, पण कसे शिकवले जाते ते फारसे बदलले नाही, असे त्यांना आढळले. चांगली परीक्षा आणली की शिक्षण आपोआप चांगले होते, हा समज त्यामुळे ढासळला. सरावाचा आशय परीक्षा ठरवू शकते. सरावाची पद्धत शिक्षक आणि विद्यार्थी यांनाच ठरवावी लागते.

या सगळ्या मागोव्यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. शंभर वर्षांत प्रश्नांचे प्रकार आले आणि गेले. ध्वनिलिपी गेली, प्री-राफेलाइट गेले, तीन वाक्यांतला एक शब्द गेला. टिकले ते विस्तृत वाचन, नेमके लेखन आणि समोरच्याशी विचारपूर्वक बोलणे. म्हणून सरावाच्या वेळेची वाटणी त्याप्रमाणे व्हायला हवी. प्रश्नांचे प्रकार ओळखून घ्यायला काही आठवडे पुरतात. पेपरामागून पेपर सोडवत राहिल्याने त्यापुढे फारसे काही वाढत नाही, कारण पेपर तुमच्यात आधीच असलेली भाषा मोजतो, नवी देत नाही.

दुसरी गोष्ट भाषांतराची. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते परीक्षेबाहेर जाऊ लागले आणि ‘मातृभाषेतून विचार करू नका’ हा उपदेश वर्गावर्गात रूढ झाला. पण २००१ च्या त्याच चौकटीत एका भाषेतला आशय दुसऱ्या भाषेत पोचवणे, दोन माणसांमध्ये दुवा होणे, हे भाषेच्या चार प्रमुख व्यवहारांपैकी एक मानले आहे. २०२० साली निघालेल्या तिच्या पूरक ग्रंथात त्याला भरघोस जागा मिळाली आणि जन्मजात भाषकासारखे बोलणे हा आदर्शही पातळ्यांच्या वर्णनातून काढून टाकला गेला. ग्रीसच्या सरकारी भाषापरीक्षेत उमेदवाराला ग्रीक मजकूर वाचून त्यातली आवश्यक माहिती इंग्रजीत लिहायला सांगतात. शब्दाला शब्द न ठेवता आशय नेमका पोचवायचा असतो. जुन्या मॅट्रिकच्या विद्यार्थ्याला, आणि तुकाराम बंगालीत नेणाऱ्या सत्येंद्रनाथांनाही, हे काम ओळखीचे वाटले असते.

मराठी विद्यार्थ्याला याचा सरळ फायदा आहे. त्याच्या हाताशी अशी एक भाषा आहे, जिच्यातला आशय इंग्रजीत नेताना त्याच्या इंग्रजीची खरी कसोटी लागते. मॅट्रिकच्या पहिल्या तुकडीत इंग्रजीची परीक्षा पार करणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांनीच पुढे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षे झगडा दिला. उत्तम इंग्रजी आणि भक्कम मराठी यांत त्यांना विरोध दिसला नाही. तो आपल्यालाही दिसू नये.

तेव्हा प्रगत इंग्रजीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे एवढेच: सराव-पेपर सोडवा, घड्याळ लावूनच सोडवा, पण आठवड्याचा एक दिवस त्यांना सुट्टी द्या. त्या दिवशी एखादा मराठी अग्रलेख घ्या आणि ज्याला मराठी येत नाही अशा वाचकासाठी त्याचा अडीचशे शब्दांत इंग्रजी गोषवारा लिहा. तुम्ही बसाल त्या वर्षी पेपराची मांडणी कोणतीही असो, हे काम तुम्हाला परीक्षेत उपयोगी पडेल, आणि परीक्षा झाल्यावरही पडत राहील.